लेकीच्या खोलीतला दगड

पुसेगावाजवळ एका शेतात विहीर खोदून झाली होती. मला दगड गोळा करायचा नाद, त्यामुळे असा मातीचा ढिगारा दिसला की मी त्यावर एक चक्कर मारतोच. आमच्या भागात गारगोट्या सापडतात, नशीब असेल तर पोटात स्फटिक असलेला एखादा दगडही. त्या दिवशी मिळाला तो वेगळाच होता. नारळाएवढा, काळा, वितळून गोठल्यासारखा. एका हातानं उचलायला गेलो तर उचलेना. घरी आणून लोहचुंबक लावलं, तर ते चिकटलं.

उल्का असणार, असं मी मनाशी ठरवूनच टाकलं. तेव्हा माझी लेक पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आलेली, सातवा महिना चालू. दगडांचं कपाट तिच्याच खोलीत होतं. खालच्या फळीवर, तिच्या उशापासून दोन हातांवर मी तो ठेवला.

पुढं काही दिवसांनी त्याचा फोटो दगड गोळा करणाऱ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. कोणा अनोळखी माणसानं लिहिलं की एवढा जड काळा दगड युरेनियमचा असू शकतो, घरात ठेवू नका, गरोदर बाईजवळ तर मुळीच नको. मी बोटांवर दिवस मोजले. अकरा झाले होते.

लेक अंगणात होती तेवढ्यात दगड पोत्यात गुंडाळून मागच्या शेडमध्ये नेला. फळी पुसली, साबणानं हात धुतले, पुन्हा धुतले. जेवताना लेकीकडं बघवेना. तिला जरा मळमळलं की मी उठून बाहेर जायचो. दुसऱ्या दिवशी न राहवून बायकोला सांगितलं. ती ओरडली नाही. "अकरा दिवस?" एवढंच म्हणाली, आणि खिडकीतून वारं लागतं असं सांगून लेकीचं अंथरूण आमच्या खोलीत आणलं.

नांदेडच्या एका कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवणारे प्राध्यापक आहेत असं कळलं. फोनवर ते म्हणाले, घेऊन या. दगड स्टीलच्या डब्यात घालून मी बसमध्ये मांडीवर घेतला. मग शेजारी लेकरू घेतलेली बाई बसली, तसा उठून मागं जाऊन उभा राहिलो.

प्राध्यापकांनी आधी माझा चेहरा बघितला, मग दगड. काय झालं ते विचारून घेतलं आणि भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेतून किरणोत्सर्ग मोजायचं यंत्र मागवलं. आधी ते रिकाम्या व्हरांड्यात धरलं. थांबून थांबून टिक टिक वाजत होतं. मग दगडाजवळ नेलं. माझे कान बधिर झाल्यासारखे झाले. आवाज वाढला की नाही तेच समजेना.

"तेवढाच आहे," ते म्हणाले. "बाहेर होता तेवढाच. घाबरू नका."

मी खाली बसलो. त्यांनी पाणी दिलं. मग भिंगातून दगडाच्या तुटक्या कडेवरची बारीक भोकं दाखवली. उल्केत अशी भोकं नसतात म्हणाले. हा लोखंडाचा मळ होता. पूर्वी कोणीतरी त्या शिवारात भट्टी लावून लोखंड गाळलं असणार, त्याचा हा टाकलेला चोथा. उल्का नाही याचं वाईट वाटायलाही माझ्यात त्राण उरलं नव्हतं. दगड मी त्यांच्याकडंच ठेवून आलो.

घरी येऊन लेकीला सगळं सांगितलं. वाटलं, हसेल. ती हसली नाही.

"बाबा, पहिल्याच दिवशी मला काहून नाही सांगितलं? तुमी दोघं माझ्याकडं कसं बघून राहिले होते, ते मला दिसत नव्हतं व्हय? मला वाटलं, दवाखान्यात डॉक्टरीणबाईनं तुमाला बाळाबद्दल काही सांगितलं अन् तुमी लपवून राहिले."

दोन दिवस ती एकटीच रडत होती. एकाच खोलीत झोपत असून आम्हाला ते कळलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिला घेऊन दवाखान्यात गेलो. डॉक्टरीणबाईंनी बाळाचे ठोके मोठ्या आवाजात ऐकवले. लेकीनं तेव्हा कुठं माझ्याकडं बघितलं.