तिचं दुसरं वाक्य

आमच्या नौपाड्यातल्या भजनी मंडळात देवीने मला कसं वाचवलं ही हकिकत मी नऊ वर्षं सांगत आलो. ऐकणाऱ्या बायकांच्या डोळ्यांत पाणी यायचं, माझ्याही यायचं. पण ते पाणी सगळं भक्तीचं नव्हतं. हकिकतीतलं एक वाक्य मी गाळलं होतं आणि एक वाक्य पदरचं घातलं होतं. आता वय अठ्ठ्याहत्तर आहे, म्हणून जे घडलं ते घडलं तसं लिहून ठेवतो.

कल्याणच्या पलीकडे एका टेकडीवर आमच्या देवीचं ठाणं आहे. दर चैत्री पौर्णिमेला मंडळ देवीचा मुखवटा तिथे घेऊन जातं. शेवटचा रस्ता म्हणजे खडी आणि माती, त्यामुळे माझी जीप लागायची. तिला मी मुद्दाम जाड ऑल-टेरेन टायर बसवले होते. टेकडीवर पोचलो की आधी चारही चाकांना हळदकुंकू, मग देवीची पूजा, असा आमचा रिवाज पडला होता. या रिवाजातूनच माझ्या डोक्यात एक वेड शिरलं. जी चाकं देवीला वाहून नेतात ती भंगारात कशी टाकायची? सहा वर्षं झाली तरी मी ती बदलली नाहीत.

गाडी बळीराम चालवायचा. तो डोंबिवलीजवळच्या गावातला, एरवी शाळेची व्हॅन चालवणारा. त्या वर्षी निघण्याआधी त्याने मला चाकाजवळ खाली बसवलं.

"काका, टायर गोटा झालेत. बाजूचे गट्टे बघून फसू नका, मधी हात लावा. हाय का नक्षी?"

मी हात लावला. मधला भाग गुळगुळीत होता आणि कडेच्या रबराला बारीक भेगा गेल्या होत्या. मी हसून म्हणालो, "अरे बळीराम, देवीचा भार देवी उचलते."

"उचलंल की. पन उतारावर पकड कोन देनार, देवी का टायर?"

सगळे हसले, मीही हसलो. आणि आम्ही निघालो.

पूजा करून उतरताना एका वळणावर कुठलातरी टँकर पाणी सांडून गेला होता. मातीचा नुसता राडा झाला होता. बळीराम अगदी सावकाश उतरत होता, हे मी आज शपथेवर सांगतो. तरी मागची चाकं धरेनात. जीप आडवी घसरली आणि मागचं एक चाक कड्याबाहेर लटकलं. आत माझी पत्नी आणि मंडळाच्या तीन बायका होत्या, माझ्या मांडीवर मुखवटा होता. बळीराम दोन्ही पायांनी ब्रेक दाबून बसला होता.

तेवढ्यात वरून मोळी घेऊन एक बाई आली. तिने काही विचारलं नाही. मोळी पुढच्या चाकाखाली सारली, वर दोन दगड लावले आणि म्हणाली, "हलू नका, एकेक उतरा." आम्ही उतरलो, सगळ्यात शेवटी बळीराम. मग तिने टायरवरून तळवा फिरवला आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "याच्यावर मानसं बसवता?" मोळी तिथेच टाकून ती निघून गेली. पुढे आम्ही आसपासच्या पाड्यांवर चौकशी केली, पण तिला ओळखणारं कोणी भेटलं नाही.

तिचं पहिलं वाक्य मी नऊ वर्षं देवीची वाणी म्हणून सांगितलं. दुसरं कधीच सांगितलं नाही. परतल्यावर मंडळात कोणीतरी विचारलं, "पण गाडी घसरली कशी?" तेव्हा मी म्हणालो, "बळीरामने जरा जोरात घेतली." जीपमधल्या चौघींना खरं माहीत होतं, पण माझ्या वयाकडे बघून कोणी मला खोडलं नाही. तो दारातच उभा होता. त्याने माझ्याकडे पाहिलं, चपला घातल्या आणि गेला. माझं बोलणं त्याच्या गावापर्यंत पोचलं, शाळेपर्यंत पोचलं. त्याचं व्हॅनचं काम गेलं. तो डोंबिवलीत एका सोसायटीचा वॉचमन झाल्याचं मला कळलं, तेव्हा मी देवापुढे दिवा लावला आणि गप्प बसलो.

गेल्या महिन्यात मुलीबरोबर माजिवड्याला तिच्या गाडीचे टायर दाखवायला गेलो होतो. दुकानातल्या म्हाताऱ्या कारागिराने खाचेच्या तळाशी असलेले बारीक उंचवटे दाखवले. "नक्षी झिजून यांच्या बरोबरीला आली की टायर बदलायचाच. हे टायर कधीच संपलेत." मग मान वर करून त्याने सहज विचारलं, "आधी कोणी सांगितलं नव्हतं का, काका?"

माझ्या तोंडून निघालं, "सांगितलं होतं. बळीरामने."

मुलगी बघतच राहिली. "बाबा, कोण बळीराम?"

त्या माणसाला माझं काही ठाऊक नव्हतं. तरी तो प्रश्न त्याच्या तोंडून मला कोणी विचारला, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. त्याच शुक्रवारी आरतीनंतर मंडळात उभं राहून मी सगळं सांगितलं. दुसऱ्या दिवशी डोंबिवली गाठली.

सोसायटीच्या फाटकाशी बळीराम स्टुलावर बसला होता. मला बघून उठला. "बसा काका." स्टूल मला दिलं आणि स्वतः उभा राहिला. मी बोलत होतो, तो फाटकाकडे बघत होता. शेवटी म्हणाला, "माझं सोडा. पन माझी आई दोन वर्षांपूर्वी गेली. जाईपर्यंत म्हनायची, देवी तुझ्या हातनं पडली असती. रोज माझ्या नावानं माफी मागायची तिच्याकडं."



देवीवर भार टाकणं म्हणजे तिने तीन-तीन तोंडांनी सांगितलेलं ऐकणं, हे मला फार उशिरा कळलं. कळलं, ही तिची कृपा. पण त्या उशिराची झळ एका माउलीने सोसली. बळीरामची पाळी संपेपर्यंत मी तिथेच बसलो आणि मग त्याच्याबरोबर त्याच्या घरी गेलो. त्याच्या आईच्या फोटोसमोर उभं राहून म्हणालो, "आई, गाडी तुमच्या मुलाने सावकाशच चालवली होती. चूक माझी होती." फोटोतल्या माउलीला ते पोचलं की नाही, मला ठाऊक नाही. बळीराम माझ्या मागे उभा होता, आणि त्याने पहिल्यांदाच तोंडावर हात धरून हुंदका दिला.