घरून आलेलं उत्तर

आधीच कबूल करतो. खोल अंतराळात अडकलेल्या चार माणसांना घरून आलेलं उत्तर माझ्यामुळे पोहोचलं नाही. यान थर्माकोलचं होतं, अंतराळ म्हणजे अमरावतीच्या एका सभागृहातला काळा पडदा होता आणि उत्तर देणारा माझा मित्र दिनू विंगेत तेलाच्या रिकाम्या डब्यात तोंड घालून बसला होता. तरी चूक ती चूकच. दिनूला जाऊन आता दीडेक महिना होतोय आणि ती चूक मनातून हलायला तयार नाही.

बातमी त्याच्याच नंबरावरून आली. दिनूची एक खोड होती. फोन उचलला की तो आधी काहीच बोलायचा नाही. आपण हॅलो हॅलो करून थकलो की मग फार लांबून आल्यासारखा आवाज काढायचा, “घरून बोलून राहिलो...” त्या सकाळीही पलीकडे शांतता होती. मी हसत म्हणालो, “अबे बोल ना, सिग्नल आला!” पण फोनवर शालूवहिनी होत्या. दिनू झोपेतच गेला, एवढंच त्यांना सांगता आलं.

दिनू अकोटजवळचा. घरची फुलशेती, झेंडू आणि शेवंती. अकोल्याला कॉलेजात असताना आम्ही होस्टेलच्या एका खोलीत राहायचो. फोन खाली ऑफिसात होता. त्याची आई वावरातून चालत गावातल्या दुकानात यायची आणि तिथून फोन लावायची. दम लागलेला असायचा, म्हणून आधी नुसता श्वास ऐकू यायचा आणि बऱ्याच वेळाने एकच प्रश्न, “जेवला का?” दिनू ती शांतता डोळे मिटून ऐकायचा. मी मागे उभा राहून कुरकुरायचो, “आटप ना बे, मलेही बोलायचं आहे.” पुढे मी अमरावतीत कोचिंग क्लासमध्ये भौतिकशास्त्र शिकवू लागलो आणि तो शेतीवर परतला. हौशी नाटकांचं वेड मात्र दोघांचंही सुटलं नाही.

एकदा वावरात बांधावर बसलो होतो. मोबाइलला रेंज नव्हती. दिनू म्हणाला, “अथी आलं का मले यानात बसल्यासारखं वाटते. समज, एक यान लांब कुठंतरी अडकलं. त्यायनं घरी निरोप धाडला, तं उत्तर कधी येईन?” मी शिक्षकी थाटात सांगितलं, यान फार दूर असेल तर वर्षं लागतील. “मंग तवरोक काय करतील थे?” “काय करतील? वाट पाहतील.” दिनूने मांडीवर थाप मारली. “हाव! हेच नाटक आहे!”

आणि खरंच त्याने ते लिहिलं. मी कप्तान. प्राणवायूची टाकी म्हणून आमच्या पाठीवर फवारणीचे पंप होते, डोक्यावर मोटारसायकलची हेल्मेटं. स्पर्धेसाठी अमरावतीला निघालो तेव्हा एसटीच्या कंडक्टरने यानाकडे बघून विचारलं, “हे काय होय?” दिनू म्हणाला, “अंतराळयान होय, पण सध्या बंद पडलं आहे.” कंडक्टर म्हणाला, “मंग एसटीतच शोभते,” आणि त्याने यान मागच्या सीटवर ठेवू दिलं.

शेवटचा प्रसंग दिनूने मला पुन्हा पुन्हा समजावला होता. कप्तान अखेरचा निरोप पाठवतो, खाली बसतो आणि गप होतो. बाकीचेही गप. बराच वेळ काहीही घडत नाही. मग विंगेतून, डब्यात घुमलेला आवाज येतो, “घरून बोलून राहिलो. आवाज पोचला. जेवले का रे पोट्टेहो?” आणि अंधार. दिनू म्हणायचा, “तू गप बसला का मगच मी बोलीन. त्याच्या आधी नाई.” ते वाक्य ऐकायला त्याने आईला मुद्दाम अमरावतीला आणून पुढच्या रांगेत बसवलं होतं.

मी निरोप पाठवला, खाली बसलो... सभागृहात कोणीतरी खोकलं. शिकवताना शांतता पसरली की पोरं मोबाइल काढतात, हे मला सवयीने ठाऊक. माझ्या तोंडून निघालं, “हॅलो पृथ्वी? अकोट डेपो? गाडी लागली का?” प्रेक्षक खो खो हसले. हसू ओसरलं तशी मी आणखी एक फेकली, मग आणखी एक. शेवटी पडदावाल्यालाच वाटलं, नाटक संपलं असावं. त्याने पडदा टाकला. मला अभिनयाचं बक्षीस मिळालं आणि सगळ्यांत जोरात टाळ्या दिनूच्या होत्या. बाहेर आल्यावर आईने त्याला विचारलं, “काहून रे, त्यायच्या घरच्यायनं काईच नाई म्हटलं?” दिनू हसत म्हणाला, “म्हटलं ना आई. पोचलं नाई.”

मी शेजारीच उभा होतो. तेव्हाच माफी मागायला हवी होती. मी चहा सांगायला गेलो. पुढे आई गेली, तरी मी तो विषय काढला नाही आणि दिनूनेही नाही. फोनवरची त्याची खोड मात्र त्यानंतरची. तो मला गप बसायला शिकवत होता की नुसती चेष्टा करत होता, कोण जाणे... बहुतेक चेष्टाच.

गेल्या आठवड्यात त्याच्या घरी गेलो. पडवीत बाया झेंडूचे हार ओवत होत्या. खांबाला तोच डबा अडकवलेला, दोन्ही बाजूंनी कापलेला. वहिनी म्हणाल्या, “फुलं तोडणाऱ्या बायायले जेवाले बोलवाचं असलं का हे यातूनच ओरडत. सारं वावर हासे.” मी डबा काढून तोंडाशी धरला. माझाच आवाज मला परका वाटला. “दिनू, तुह्या आईले तुहा आवाज ऐकू द्याचा होता. मी मधात बोललो. चुकलो गड्या, माफ कर.”

बायांचे हात थांबले. मग वहिनींनीच डोळे पुसत हसून म्हटलं, “एवढ्या लांबून उत्तर याले टाइम लागते ना, भाऊजी. बसा. मी तवरोक ताट वाढतो.”

मी डबा मांडीवर घेऊन बसलो. हार ओवणं पुन्हा सुरू झालं. काहीतरी बोलावं, असं दोनतीनदा ओठांवर आलं... पण या वेळी मी गप राहिलो.