बेसिनमधली दाढी

ती सकाळ आठवली की आजही आधी हसू येतं आणि मग अंगावर काटा उभा राहतो. आखाती युद्ध चालू होतं. महाराष्ट्र पोलिसांतून स्वेच्छानिवृत्ती घेऊन मी सौदीत अल-खोबरजवळ एका कंपनीच्या कॅम्पवर सुरक्षा अधिकारी म्हणून लागलो होतो. वर्दी उतरली, सवयी कुठल्या उतरतात? उठलं की गेटवर चक्कर, रखवालदारांची हजेरी, मग चहा. क्षेपणास्त्राचा सायरन वाजला की सगळ्यांनी गॅसचे मुखवटे चढवायचे, थांबला की कामाला लागायचं.

चहा ओठाला लावतोय तोच टाइमकीपर धावत आला. हा नाशिकचा, कामगारांची हजेरी ठेवणं हे त्याचं काम आणि त्यांच्या भानगडींत नाक खुपसणं हा छंद.

"साहेब, स्टोअरकीपरचा खून झालाय."

"प्रेत कुठंय?"

"प्रेत नाही. पण खून झालाय. आचाऱ्यानं केलाय."

स्टोअरकीपर म्हणजे रत्नागिरीचा देवभोळा, नमाजी माणूस, छातीवर रुळणारी दाढी हीच त्याची ओळख. आचारी मुरूडकडचा सिद्दी. मूळ आफ्रिकेतलं, पण पिढ्यान् पिढ्या रायगडच्या किनाऱ्यावर राहिलेलं, घरात मराठी बोलणारं कुटुंब; पण रंग काळाकुट्ट, केस कुरळे, देह धिप्पाड. कॅम्पातले आपलेच लोक त्याला 'आफ्रिकावाला' म्हणायचे. तो त्यांच्या ताटात जास्तीचा रस्सा वाढून हसायचा.

घटनास्थळ पाहिलं. स्वयंपाकघरामागची वाळू रक्तानं भिजलेली. ड्रममध्ये स्टोअरकीपरचा रक्ताळलेला शर्ट. बेसिनमध्ये त्याच्या केसांचे पुंजके. आदल्या संध्याकाळी दोघं तेलाच्या डब्यांवरून भांडल्याचंही सगळ्यांनी ऐकलेलं.

"आणि तोंडच बघा ना त्याचं," टाइमकीपर म्हणाला. "असली माणसं काय, कशाचीच भीती नसते त्यांना."

काय पाहिलं हे सांगण्याआधी माणूस कसा आहे हे जो सांगायला लागतो, त्याची खबर मी दोनदा चाळून घेतो. पण कॅम्प मॅनेजर घाबरला होता. पुण्याचा इंजिनिअर, शिकलेला माणूस, तरी हात फोनकडे. "देऊन टाकू पोलिसांच्या ताब्यात. आपल्याला झंझट नको."

आता तिथे खून सिद्ध झाला तर तलवारीनं शिरच्छेद. आचाऱ्याला अरबी येत होती ती 'यल्ला' आणि 'खलास', म्हणजे 'चला' आणि 'संपलं', एवढीच. आणि त्याच्याविरुद्ध जबाब द्यायला सारा कॅम्प तयार होता.

मॅनेजरच्या खोलीत एक अमेरिकन इंजिनिअर बसला होता. तोही काळा. मॅनेजरनं त्याला सगळं इंग्रजीत सांगितलं होतं. मग त्यानं शांतपणे विचारलं, "हा आचारी पुण्याचा गोरागोमटा मुलगा असता, तर फोन इतक्या लवकर उचलला असता का?"

मॅनेजरनं फोनवरून हात मागे घेतला. अमेरिकन पुढे म्हणाला, "आमच्याकडे हाच वाद चाललाय. मृत्युदंड कुणाला होतो ते बघा, मारणाऱ्याचा रंग बघा, मरणाऱ्याचा बघा. काही राज्यांत लोक कायदा मागतायत, की रंगामुळे फाशी होतेय असं आरोपीला कोर्टात दाखवता यावं. विरोधक म्हणतात, मग कुणाला फाशीच देता येणार नाही. आता यावरून काय ते समजा."

असा कायदा मी तोवर ऐकला नव्हता. मी मॅनेजरकडून दुपारच्या नमाजापर्यंतची मुदत मागून घेतली.

आचारी कांदे चिरत होता. संशयिताच्या हातात सुरी, आणि मी समोर पोत्यावर. अशी चौकशी मी आयुष्यात दुसरी केली नाही.

"स्टोअरकीपर कुठाय?"

"येल तो."

"कुठून?"

"जिकडं गेलाय तिकडून."

"रक्त कसलं?"

"शब्द दिलाय साहेब. नाय सांगणार."

खोटं बोलणारा माणूस फार बोलतो. याच्या तोंडातून शब्द ओढून काढावा लागत होता. मी उठलो आणि पुन्हा बेसिनपाशी गेलो. केसांना साबणाचा फेस वाळून चिकटला होता. नोकरीत नाना तऱ्हेचे खून पाहिले. पण आधी साबण लावून गुळगुळीत दाढी करून द्यायची आणि मग गळा कापायचा, असा प्रेमळ खुनी काही भेटला नव्हता.

"दाढी तू केलीस त्याची?"

सुरी थांबली. "तुमाला कोनी सांगितलं?"

"बाबा रे, बाहेर लोक म्हणतायत तू त्याला मारलंस. इथं त्याला तलवार आहे, ठाऊक आहे ना?"

तो खो खो हसला. मग माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि सुरी खाली ठेवली. खुनाचा आळ आपल्यावर आलाय, हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

मग सगळं भडाभडा बाहेर आलं. दाढीवर मुखवटा घट्ट बसत नाही, गॅस आत जातो, असं मुखवटे वापरायला शिकवणाऱ्यानं सांगितलं होतं. स्टोअरकीपरनं रडत रडत दाढी उतरवायला लावली. जीव वाचावा म्हणून सदक्याचा, म्हणजे दानाचा, बकरा कापायचं ठरवलं. कॅम्पात जनावर कापायला बंदी. कळलं तर दोघांची विमानात रवानगी. म्हणून पहाटेच्या नमाजानंतर गुपचूप उरकलं. बकऱ्याचे पाय धरताना स्टोअरकीपरचा शर्ट रक्तानं भरला. मालक पळून गेल्यानं दम्मामच्या रस्त्यावर उपाशी पडलेल्या मजुरांना मटण वाटायला स्टोअरकीपर टॅक्सीनं गेला, तो परतलाच नाही.

मी ड्रायव्हरला घेऊन त्याच रस्त्यानं निघालो. पहिल्याच तपासणी नाक्यावर एक गुळगुळीत गालांचा गृहस्थ सैनिकांबरोबर चहा पीत बसलेला. इकाम्यावरच्या, म्हणजे राहण्याच्या परवान्यावरच्या, फोटोत छातीपर्यंत दाढी, समोर हा! युद्धाचे दिवस, सोडणार कसे? मी ओळख पटवली. अधिकाऱ्यानं फोटो पाहिला, गाल पाहिले, आणि पोट धरून हसला. "खलास, घेऊन जा."

कॅम्पच्या मेसमध्ये आम्ही शिरलो तेव्हा सगळी मंडळी आचाऱ्याबद्दलच कुजबुजत होती. टाइमकीपरनं स्टोअरकीपरला नीट न्याहाळलं आणि मला विचारलं, "साहेब, हा नवीन कोण आलाय?"

"याचाच खून झालाय," मी म्हणालो.

असं हसणं मी त्या कॅम्पात आधी कधी ऐकलं नव्हतं. मॅनेजरही हसला, आणि त्या आनंदात बकऱ्याचा गुन्हा माफ झाला. आचारी तेवढा हसला नाही. त्यानं स्टोअरकीपरला मिठी मारली आणि ओरडला, "कुठं मेला होतास रं? हितं माजी मान जात होती!" मग दोघंही रडले, आणि मलाही आवरलं नाही.

काही वर्षांनी पेपरात वाचलं, अमेरिकेतल्या एका राज्यानं त्या इंजिनिअरनं सांगितला होता तसा कायदा केला. मला फार आनंद झाला. निवृत्त मित्रांपैकी एकानं विचारलं, "कायद्यात कातडीचा रंग कशाला आणायचा?" मी त्याला ही हकिकत सांगितली. आमच्या आचाऱ्याचं नशीब चांगलं, त्यानं मारलेला माणूस मेसमध्ये जेवायला आला. ज्यांचा असा येत नाही, त्यांच्यासाठी कायद्यात रंग आणायचा.