घटाखालची दुनळी

बाळांनो, तुमच्या शेजारच्या आजोबांकडे त्यांच्या पणजोबांची जुनी बंदूक आहे आणि येत्या सुटीत ते ती तुम्हाला चालवायला देणार आहेत, असे काल फोनवर कळले. तुमचा आनंद फोनवर मोडवेना. पण सकाळचा चहा झाल्याबरोबर लिहायला बसले. नोकरीतली कितीतरी प्रकरणे पुसट झाली, पण अशाच एका बंदुकीची घटना माझ्या मनात अजून ताजी आहे. ती वाचा आणि मगच त्या बंदुकीला हात लावा.

तेव्हा मी कन्नड तालुक्याच्या बाजूला एका ग्रामीण पोलीस ठाण्याची प्रभारी होते. नवरात्राचे दिवस होते. बंदोबस्ताची वाटणी चालू असताना एक शेतकरी तक्रार घेऊन आला. वडिलांच्या पश्चात त्यांची बारा बोअरची दुनळी बंदूक रीतसर वारसाहक्काने त्याच्या नावावर झाली होती. ती घरातून नाहीशी झाली होती.

"मॅडम, चुलतभावाचंच काम हाय," तो म्हणाला. "बांधावरून आमचं वाकडं. यंदा दसऱ्याला मी बार काढणार, हे त्याला बघवलं नाय."

परवान्याची बंदूक हरवणे ही साधी बाब नाही. स्टेशन डायरीला नोंद घेऊन चुलतभावाला चौकशीला बोलावले. तो आला, बाकावर बसला आणि आधी त्याने पाणी मागितले.

"बंदूक कुठे आहे?"

"मला कशाला बंदूक? माझ्या मक्यातली डुकरं फटाक्यानं पळतेत. अन् त्याचं म्हणाल, तर त्याचा नेम म्हशीलाबी लागायचा नाय."

आमचे हवालदार तोंड फिरवून हसले. मी हसले नाही, पण माणूस पारखून घेतला. चोरी केलेला माणूस आपण कुठे होतो ते न विचारता सांगू लागतो. हा तर भावाची थट्टा करत होता. तरीही तक्रारीत नाव होते, त्याच्या घराची झडती घेणे भाग होते, आणि गावात एकदा पोलिसांची गाडी दाराशी लागली की दोन घरांचे वैर पिढीभर टिकते.

आम्ही निघण्याच्या बेतात असताना ठाण्याचा फोन वाजला. बाईचा दबका आवाज होता. "मॅडम, चुलतभावाला काही करू नका. बंदूक घरातच हाय." एवढे बोलून तिने फोन ठेवला.

मी गाडी तक्रारदाराच्याच घरी वळवली. घरात तो, त्याची आई आणि बायको. पंचांसमक्ष माळा, धान्याच्या कोठ्या, गोठा, सगळे पाहून झाले. देवघरापाशी हवालदार आपसूक थांबले. म्हातारी दारातच उभी राहिली.

"घटाला हात लावायचा नाय हां! माळा चालू हायेत. यंदा सूनबाईनं लई हौसेनं बसवलाय."

नवरात्रात बसवलेला घट उठेपर्यंत जागचा हलवत नाहीत, हे कुणाला सांगावे लागत नाही. मी चप्पल बाहेर काढून आत गेले आणि नमस्कार करायला वाकले. पत्रावळीवरच्या मातीत गहू हिरवेगार उगवले होते. पण एका लहान घटाखाली दोन पाट होते, एकाला एक जोडलेले, विटांवर उचललेले, आणि सभोवती जमिनीपर्यंत खणाचे कापड सोडलेले. माझ्या घरी मी इतकी वर्षे घट बसवते. एका घटाला दोन पाट मी कुठे पाहिले नव्हते.

मी स्वयंपाकघरात गेले. सूनबाई भगर ढवळत होती.

"फोन तुम्हीच केलात ना?"

ती ढवळतच राहिली.

"दोन पाटांखाली आहे?"

"व्हय," ती म्हणाली. "सासरे साफ करताना ती उलगडायचे, नळ्या येगळ्या, लाकडी दस्ता येगळा. ते बघून शिकले. खताच्या पिशवीत गुंडाळून ठिवली. घट बसला की दसऱ्यापस्तोर कुणी हात लावणार नाय, म्हटलं. पन ह्यांनी भावाचं नाव घेतलं, म्हनून फोन केला."

"पण लपवायची कशाला?"

"माझ्या बापाचा अंगठा अन् दोन बोटं अशाच जुन्या बंदुकीनं नेली. नवं काडतूस घातलं व्हतं. ह्यांनीबी नवीच आणलीत. सांगायला गेले तर ह्ये अन् सासूबाई दोघं म्हनतात, तुझ्या बापाला बंदूक धरता येत नव्हती."

मी बाहेर येऊन मालकाला सांगितले, "बंदूक घरातच आहे, देवाच्या राखणीत. चुलतभावाचा काही संबंध नाही. घट उठला की ती थेट मुख्यालयात तपासणीला आणायची."

"म्हंजे दसऱ्याचा बार?"

"आनंदासाठी गोळी झाडणे हा गुन्हा आहे. तुरुंगात सोने वाटायचे आहे का?"

नवी काडतुसे मात्र त्याच दिवशी ताब्यात घेतली.

दसऱ्यानंतर नवरा-बायको दोघे बंदूक घेऊन मुख्यालयात आले. आमच्या आर्मररने, म्हणजे शस्त्रे तपासणाऱ्या कारागिराने, आधी ती मधून उघडून आत काडतूस नाही ना, हे पाहिले. रिकामी असे सांगितलेली बंदूकसुद्धा भरलेलीच समजायची, हा पहिला नियम. मग नळ्यांवरचे तेल पुसून त्याने त्या उजेडात धरल्या. पोलादावर पाण्याच्या तरंगांसारख्या रेषा दिसल्या.

"ही नक्षी नाही," तो म्हणाला. "लोखंडाच्या पट्ट्या पिळून, गुंडाळून, ठोकून ही नळी केली आहे. बंदुकीच्या जुन्या काळ्या दारूच्या जमान्यातली. काळी दारू ढकलते, आजची दारू एकदम दणका देते."

"पन नवं काडतूस बसतंय की बरोबर!" मालक म्हणाला.

"बसते, हेच वाईट. नवे काडतूस लांब, उडताना त्याचे तोंड उलगडायला पुढे जागा नाही. दाब मागे तुंबतो आणि नळी फुटते. आणि तुमचा डावा हात नेमका तिथेच असतो."

मापे घेतल्यावर डावी नळी आतून गंजाने खाल्लेली, एका जागी फार पातळ निघाली. उजवी बरी होती. आर्मररने बंदूक जुन्या टायरला घट्ट बांधली, उजव्या नळीत काळ्या दारूचे हलके, आखूड काडतूस घातले, चापाला लांब दोरी बांधली आणि सगळ्यांना वाळूच्या पोत्यांमागे घेतले. दोरी ओढायचा मान मालकाला दिला. बार झाला, पांढऱ्या धुराचा लोट उठला. पुन्हा तपासणी, पुन्हा बार. नळी जशीच्या तशी राहिली.

मालकाने डाव्या नळीच्या त्या पातळ जागेवर बोट फिरवले. मग बायकोकडे न बघताच म्हणाला, "तुझ्या बापाला बंदूक धरता येत व्हती म्हनायची."

"घरी चला," ती म्हणाली. "हे सासूबाईंपुढं बोला."

आम्ही सगळेच हसलो.

या प्रकरणाने मला एक गोष्ट शिकवली. वस्तू नाहीशी झाली की ती कुणाला हवी होती, एवढेच आपण विचारतो. ती कुणाला नको होती आणि का, हेही विचारावे. उत्तर बहुतेक वेळा घरातच असते आणि ते देणाऱ्या माणसाला आधी कुणीतरी गप्प केलेले असते.

तेव्हा शेजारच्या आजोबांना माझा नमस्कार सांगा आणि बंदूक आधी जाणकार कारागिराकडून तपासून घ्यायला सांगा. काडतूस बसते म्हणून ते चालते, असे नाही. आजोबा रागावले तर माझे नाव सांगा.

ती दुनळी आजही त्याच घरात आहे. डावी नळी कायमची बंद केली आहे, उजवी चालते. आणि मालकाचे दोन्ही हात धड आहेत.