केतनच्या पोस्टवर विल्सनचं नाव

आधीच सांगते, माझा असल्या गोष्टींवर काडीचा विश्वास नव्हता. मी सर्व्हर सांभाळणारी बाई. काही विचित्र घडलं की कुठेतरी कोणीतरी नको ते बटण दाबलेलं असतं, एवढंच मला माहीत. सोसायटीत कोणी नजर-बाधेचा विषय काढला की मी हसायचे. आता हसत नाही... पण घाबरतही नाही.

मी भाईंदर पूर्वेला, जेसल पार्कात राहते. नोकरी सांभाळून एका ओपन सोर्स ॲपचं काम हौसेने करायचे. ओपन सोर्स म्हणजे कोड सगळ्यांना खुला, ज्याला जमेल त्याने हातभार लावावा. आमचं ॲप छोट्या होड्यांसाठी — भरती कधी, वारा कसा, मुर्ध्याच्या खाडीत पाणी किती उशिरा चढतं, असं. त्याचा ऑनलाइन चर्चेचा फोरम, घोषणा, लोकांची भांडणं आणि सर्व्हर माझ्याकडे, कारण ते काम दुसऱ्या कोणालाच नको असतं.

ॲपचा जीव म्हणजे विल्सन. तारोडी गावच्या कोळीवाड्यातला. वडील मासेमारी करणारे, हा ऑफिसात. वडिलांना विचारून विचारून त्याने सगळी गणितं बसवली होती. फोरमवर कोणी कितीही बावळट प्रश्न विचारला तरी शांतपणे उत्तर द्यायचा. गेल्या वर्षी काविळीचं निमित्त झालं आणि तो गेला.

त्याच्या महिन्याच्या मिसेला, म्हणजे चर्चमधल्या प्रार्थनेला, मी तारोडीला गेले होते. चर्चबाहेर त्याच्या आईने माझा हात धरला. "बाय, बोटीवरची पोरं रोज ते बघतात. त्यात माझ्या विल्सनचं नाव हाय का न्हाय?"

"आहे आंटी. आणि राहणार," मी म्हटलं.

मी शब्द दिला, आणि इकडे केतनने डाव साधला.

केतन आमचा तिसरा भिडू. बोलायला गोड, मिरवायला पुढे. आमच्या कामात पगार नसतो. कोणती ओळ कोणी लिहिली याची नोंद कायम राहते, तीच कमाई. या पठ्ठ्याने 'साफसफाई'च्या नावाखाली जुना सगळा इतिहास गुंडाळला आणि विल्सनचं काम एका फटक्यात स्वतःच्या नावावर चढवलं. ॲपमधलं नावही काढलं. मी बॅकअपमधून ते परत आणलं, तर त्याने पुन्हा पुसलं आणि कोडवरचे माझे अधिकारच काढून घेतले.

"ताई, इमोशनल नको होऊस. तो आता थोडीच बघायला येणार आहे?" म्हणे.

त्या वाक्यावर माझी तळपायाची आग मस्तकात गेली. देवाला न मानणारी मी, पण त्या दिवशी मनातल्या मनात म्हटलं, विल्सन, बघायला ये रे बाबा.

त्याच आठवड्यात केतनने फोरमवर नव्या आवृत्तीची घोषणा टाकली. मजकूर त्याचा, पण वर नाव — विल्सन. सोबत विल्सनचा तोच होडीवरचा हसरा फोटो. मी तर त्याचं खातं तो गेल्यावर स्वतःच्या हाताने बंद केलं होतं! सर्व्हरमध्ये शिरून पाहिलं, तर आत नोंद केतनचीच. बाहेर पडद्यावर मात्र विल्सन. पुढची पोस्ट, तिच्याखालचं उत्तर, सगळं तसंच. इतर सगळ्यांच्या पोस्ट व्यवस्थित. फक्त केतनच्याच...

केतनचा फोन आला. "ताई, हे तूच करतेयस. बंद कर, नाहीतर बघ!"

चोराच्या उलट्या बोंबा! मी सर्व्हरचे सगळे पासवर्ड त्याच्या हवाली केले आणि बाजूला झाले. त्याने फोरम दुसऱ्या सर्व्हरवर हलवला, पासवर्ड बदलले, मला पूर्ण बाहेर काढलं. पहिली पोस्ट टाकली. वर विल्सन!

खोटं कशाला बोलू? मला भीती वाटायला हवी होती. मला आनंद झाला.

मग मीरा रोडच्या एका हॉलमध्ये त्याचं भाषण ठरलं. 'मी हे ॲप कसं घडवलं' हा विषय. मी मुद्दाम गेले, मागे बसले. त्याने सोबत आणलेल्या स्लाइड्सवर स्वतःचं नाव होतं, हे त्यानेच नंतर सांगितलं. भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर उघडल्या तेव्हा प्रत्येकीवर विल्सन. त्या तर फोरमवर नव्हत्याच, त्याच्या लॅपटॉपवर होत्या.

पुढच्या रांगेतल्या एका मुलीने विचारलं, "सर, विल्सन कोण? ते आलेत का?"

केतनचा चेहरा असा पडला की काय सांगू! माझ्या जिवाला गार वाटलं. तो तिथूनच निघून गेला, आणि संध्याकाळी फोरमवर एक पोस्ट आली. "हे काम विल्सनचं आहे. मी ते माझ्या नावावर केलं."

वर नाव होतं केतनचं. कित्येक आठवड्यांनी पहिल्यांदाच.

मी ती पोस्ट आंटींना वाचून दाखवली. त्या रडल्या नाहीत. पदराने तोंड पुसलं आणि म्हणाल्या, "लिहून काय? त्याला हितं बोलव. माझ्या तोंडावर सांगू दे."

केतनला मी निरोप दिला. वाटलं नव्हतं, पण तो तारोडीला आला. आंटींनी त्याला बसायलाही सांगितलं नाही. जाळी दुरुस्त करत बसलेल्या माणसांसमोर नेऊन उभं केलं. "आता सांग यांना. कोणाचं हाय ते?"

"विल्सनचं," तो पुटपुटला.

"न्हाय ऐकू आलं."

तिसऱ्यांदा सांगितलं तेव्हा आवाज फुटला होता त्याचा.

ॲपमध्ये आता विल्सनचं नाव पहिलं आहे, केतनने स्वतः घातलेलं. केतनच्या पोस्टवरही केतनचंच नाव येतं. मी ओळखीच्या चार जाणकारांना सगळं दाखवलं, कोणालाच उलगडा झाला नाही. मलाही नाही. केतन हल्ली विचारतो, "ताई, तो अजून बघत असेल का गं?" मला खरंच माहीत नाही. पण मी दर वेळी 'हो' म्हणते.