पुलाअलीकडे थांबवलेली गाडी

स्टेशनमास्तरबाई या स्टेशनावर आल्या तेव्हा दिवसाला सहा गाड्या थांबायच्या. एकवीस वर्षांत एकच उरली, आणि तीही रडतरखडत यायची. पुलाजवळचे रूळ झिजलेत, बदला, असं बाईंनी चार वेळा वर लिहून कळवलं होतं. उत्तर ठरलेलं असायचं: नोंद घेतली आहे.

त्या सकाळी गाडी फलाटाला लागली न लागली तोच टेबलावरचा फोन वाजला. रूळ तपासणारा धापा टाकत बोलत होता. "बाई, गाडी सोडू नका. पुलाच्या तोंडाशी रूळ तडकलाय. बोट आत जातंय."

बाईंनी सिग्नल लालच ठेवला. त्याच गाडीत त्यांचा धाकटा भाऊ होता. डायलिसिससाठी आठवड्यातून तीनदा तो शहरात जायचा. एक खेप चुकली तरी त्याला धाप लागायची. रस्त्यानं जायचं तर पाच तास.

अर्ध्या तासात खोली माणसांनी भरली. "तुमचं हे रोजचंच आहे," एकानं टेबलावर हात आपटला. "माझी मुलाखत बुडाली. आता जाब कुणाला विचारायचा?"

गर्दीतून वाट काढत भाऊ पुढे आला. चेहरा सुजलेला, ओठ सुकलेले.

"ताई, हळूहळू तरी जाऊ दे."

"नाही."

"बाराला पोचायचंय मला. तुला माहितेय."

"माहितेय रे. तरीही नाही."

तो भिंतीला टेकून खालीच बसला. त्याला बघून आरडाओरडा जरा ओसरला. बाईंनी इस्पितळात फोन लावला. "शेवटच्या पाळीत बघते," नर्स म्हणाली, "पण शब्द देत नाही."

तडकलेल्या रुळाला पट्ट्या आवळून बसवायला पावणेतीन तास गेले. मग गाडी माणसाच्या चालीनं निघाली. शेवटचा डबा पूल ओलांडेपर्यंत बाई फलाटाच्या टोकाला उभ्या होत्या.

संध्याकाळी भावाचा फोन आला. "घेतलं मला." एवढंच बोलून त्यानं ठेवला.

तीन आठवड्यांनी वरून हुकूम आला: पुलाचं काम होईपर्यंत गाडी बंद. काम कधी होणार, ते त्यात नव्हतं. भावानं इस्पितळाजवळ खोली घेतली. बाई सुटीच्या दिवशी पहाटेची बस धरून त्याला भेटायला जातात.