फोनवर गप्प बसण्याचं काम

मरोळच्या आमच्या कंपनीत बीन बॅग आल्या, तेव्हाच मला कळायला हवं होतं की आता कोणाची तरी खुर्ची जाणार.

आम्ही पॅकिंग मशीन बनवतो. फरसाणापासून शाम्पूपर्यंत काहीही पाकिटात भरून देणारी. मशीन बंद पडलं की गिऱ्हाईक फोन करून शिव्या देतं. त्या शिव्या सभ्य भाषेत लिहून घेणं हे माझं काम, आणि उपाय सांगणं दादांचं.

दादा म्हणजे आमच्या सर्व्हिस खात्यातले सगळ्यात जुने. गिरणी कामगाराचा मुलगा, मूळ गाव मालवणकडचं, राहायला घाटकोपरला, वय छप्पन्न. त्यांची एक पद्धत होती. गिऱ्हाइकाचं रडगाणं ते ऐकतच नसत. "मशीन चालू कर आणि फोन त्याच्याजवळ धर," एवढंच म्हणत. मग डोळे मिटून पाच मिनिटं, दहा मिनिटं नुसते ऐकत बसत. तेवढा वेळ आम्हीही हळू बोलायचो. शेवटी डोळे उघडून सांगत, "डावीकडचं बेअरिंग गेलंय. आज ग्रीसवर काढ, उद्या बदल." हे सहसा चुकत नसे. एकदा चुकलं, तर त्या माणसानं फोन भलत्याच मशीनला लावला होता.

ही विद्या आम्हाला मिळायची ती जेवताना. टेबलावर पेपर पसरून डबे उघडले की दादा सुकटाची चटणी फिरवता फिरवता तोंडानं आवाज काढून दाखवायचे. साखळी कशी वाजते, पट्टा घासला की कसा किंचाळतो. हसून हसून ठसका लागायचा, आणि लक्षातही राहायचं.

मग साहेब कुठल्याशा परिषदेला जाऊन आले आणि त्यांना कळलं, की आपण मशीन विकतच नाही, ज्ञान विकतो. लगेच स्टोअर रूम रिकामी झाली, भिंत पिवळी झाली आणि तिथे क्रिएटिव्ह कॉर्नर उघडला. त्या बीन बॅगमध्ये बसता येतं, पण माझ्या वयाच्या बाईला उठायला दोन सहकारी लागतात. टीमवर्क वाढावं म्हणूनच ती सोय असावी.

पाठोपाठ 'ज्ञानकट्टा' नावाचं अ‍ॅप आलं. प्रत्येकानं आठवड्याला एक पोस्ट टाकायची, बाकीच्यांनी अंगठे द्यायचे, अंगठ्यांचे गुण. अकाउंट्सच्या एकानं 'पाणी भरपूर प्या' असं ज्ञान दिलं, त्याला साठ अंगठे. डिस्पॅचवाल्यानं मढच्या सहलीतला सूर्यास्त टाकून खाली नेतृत्वावर चार ओळी लिहिल्या. आणि जेवणाची सुट्टी अर्ध्या तासावर आली, कारण लोक जेवताना गप्पा मारत होते. गप्पांसाठी अ‍ॅप होतं ना!

"मी काय टाकू त्यात? आवाज टाकू?" दादा म्हणाले. "तूच लिही गो, तुला जमतं."

मी लिहिलं. 'आवाजावरून बिघाड ओळखण्याचे सात मार्ग.' मार्ग खरं तर चारच होते, पण सातला अंगठे जास्त पडतात असं ट्रेनिंगमध्ये सांगितलं होतं, म्हणून फोडून सात केले. खाली 'कोणाकडून शिकलात?' असा एक रकाना होता. भरलाच पाहिजे असं नव्हतं. मी त्यात 'टीम' असं लिहिलं आणि कर्तव्य केल्यासारखी मोकळी झाले. एकशे बारा अंगठे आले, साहेबांनी स्वतः टाळ्या टाकल्या. खोटं कशाला बोलू, मला आवडलं. मग मी लिहीतच सुटले. दादा बोलायचे, मी टाकायचे. सहा महिन्यांत मी कंपनीची 'ज्ञानवीर' झाले. एक स्टीलची बाटली मिळाली आणि लिफ्टशेजारी माझा हसरा फोटो लागला.

एक दिवस एचआरच्या मॅडमनी मला कॉर्नरमध्ये बोलावलं. माणसं कमी करायची होती आणि ज्ञानवीर म्हणून त्यांना माझं मत हवं होतं. त्यांनी लॅपटॉप फिरवला. दादांच्या नावापुढे पोस्ट शून्य, अंगठे शून्य. वर फोनच्या सॉफ्टवेअरनं 'कॉलवर निष्क्रिय' असा शेरा मारला होता.

"त्यांच्या कॉलवर बहुतेक वेळ कोणी बोलतच नाही," मॅडम म्हणाल्या. "नुसते फोन धरून बसतात. आणि तुमच्या पोस्ट वाचून ते काम कोणीही करेल ना?"

एकच वाक्य बोलायचं होतं. मॅडम, त्या पोस्ट त्यांच्याच आहेत. मी बीन बॅगमध्ये कंबरेपर्यंत रुतले होते आणि समोर काचेतून लिफ्टजवळचा माझा फोटो दिसत होता.

"दादा स्वभावानं फार चांगले आहेत," मी म्हणाले.

स्वभावानं! भाडेकरू ठेवायचा असल्यासारखं. आज लिहितानाही लाज वाटते.

महिनाअखेरीला दादा गेले. केक कापला. निरोपाच्या पोस्टला दीडशे अंगठे आले. कट्ट्यावर त्यांचं नाव येण्याची ती पहिलीच वेळ. जाताना माझ्या टेबलाशी थांबून म्हणाले, "बरा चाललाय तुझा. लिहित रव." त्यांना काय ठाऊक होतं, मला माहीत नाही. त्या लिफ्टनं मात्र ते रोज ये-जा करत होते.

पुढच्याच महिन्यात साकीनाक्याहून एका फरसाणवाल्याचा फोन आला. दिवाळीची ऑर्डर आणि मशीन ठप्प. मी दादांच्या थाटात म्हटलं, "चालू करा आणि फोन जवळ धरा." मला नुसतीच खडखड ऐकू आली. सातही मार्ग समोर उघडे होते, त्यातला एकही त्या खडखडीशी जुळेना. शेवटी माझ्या मोबाईलवरून दादांना फोन लावला आणि मोबाईल ऑफिसच्या फोनला चिकटवून धरला. तिकडे ते गप्प, इकडे मी गप्प.

"साखळी नाय ती," दादा म्हणाले. "खालचो बोल्ट सैल झालो. पानो लावूक सांग."

दहा मिनिटांत मशीन सुरू झालं. मी म्हटलं, "दादा, त्या दिवशी मॅडमनी मला विचारलं होतं, तेव्हा मी..."

"जेवलंस काय गो?" त्यांनी माझं बोलणं मध्येच तोडलं. "दोन वाजले. जा, जेव आधी."

मी जेवले नाही. कट्टा उघडला, झालेलं सगळं लिहिलं आणि 'कोणाकडून शिकलात?' या रकान्यात पहिल्यांदा दादांचं पूर्ण नाव घातलं. लाल अक्षरं आली : असा सदस्य नाही. मी पुन्हा घातलं. पुन्हा तेच.

शनिवार होता, आठवड्याची पोस्ट बाकी होती. मी नाव खोडलं आणि 'टीम' लिहिलं.